अभ्यासाचे टेबल घरीच करा, पण सामान पारखून घ्या



सुगी आटोपली की मुलांसाठी अभ्यासाचे टेबल करण्याचा विषय घरात निघतो. बाजारातली चकचकीत टेबले नजरेत भरतात. पण त्यांतली पुष्कळशी भुशाच्या दाबीव फळीची असतात. सारवलेल्या जमिनीची ओल लागली की ही फळी फुगते आणि मग तिच्यात स्क्रू धरत नाही. बांधावर लाकूड आणि गावात सुतार असेल, तर टेबल घरीच करावे. पैसा मात्र दिखाव्यावर न घालता लाकूड आणि सांधे यांवर घाला.

लाकूड वाळलेलेच हवे. ओला दाणा आपण कणगीत भरत नाही, तोच न्याय इथे लावा. ओले लाकूड मागाहून आकसते, पीळ खाते आणि सांधे ढिले होतात. परीक्षा सोपी आहे. लाकडाचा तुकडा दुकानच्या तराजूवर तोला, हवेशीर सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा तोला. वजन उतरणे थांबले की लाकूड कामाला घ्या. फळ्या रचताना मध्ये पट्ट्या घाला, म्हणजे वारा खेळतो.

पायांना बाभूळ, वरती साग. औतासाठी चालणारी बाभूळ टेबलाच्या पायांनाही उत्तम. तिचा तांबूस गाभा तेवढा घ्या. बाहेरचा पांढुरका भाग कीड पोखरते. वरच्या फळीला जुन्या घराचा सागही चालतो. तो आधीच वाळलेला असतो, फक्त खिळे काढून घ्या. साग, आंबा अशी झाडे बांधावरची असली, तरी तोडण्याआधी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा कायदा आहे.

प्लायवूड घ्यायचे तर १९ मिलिमीटर जाडीचे घ्या आणि आय.एस.आय. शिक्का पाहा. ७१० क्रमांकाचे प्लाय पाण्याला अधिक टिकते. त्याची किंमतही जास्त असते, म्हणून घर ओलसर असेल तरच ते घ्यावे.

खिळ्यांऐवजी स्क्रू. टेबल हलले की खिळा हळूहळू सुटतो. स्क्रू धरून राहतो आणि पुन्हा आवळताही येतो. वरच्या फळीखाली २५ मिलिमीटरची पट्टी असेल, तर खालून ३८ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो, वर टोक येत नाही. बाभळीत आधी बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरते. स्क्रूला थोडा साबण लावला की तो सहज फिरतो. अखंड लाकडाची फळी पावसाळ्यात फुगते. म्हणून पट्टीतली भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने जरा लांबट ठेवा.

उंची मुलाच्या मापाने. मूल ज्यावर बसणार, त्यावर त्याला सरळ बसवा. कोपर वाकवल्यावर हात जिथे येईल, साधारण तीच टेबलाची उंची. थोरांसाठी ७५ सेंटिमीटर ठीक असते.

शेवटचा हात. पायांच्या तळाला तेलरंगाचे दोन हात द्या आणि खाली फरशीचे तुकडे ठेवा. त्यामुळे ओल चढत नाही. वाळवीची माती दिसली तर लगेच काढा. वरून जवसाचे (अळशीचे) उकळलेले तेल चोळले तरी पुरे. मात्र तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. कडब्याच्या गंजीपासून दूर, उघड्यावर, एकेक पसरून वाळवा.

असे टेबल थोरल्यानंतर धाकट्यालाही पुरेल. स्क्रू ढिला झाला, तर पेचकस घेऊन मुलालाच तो आवळू द्या.