मृगाचे नक्षत्र आणि डिसेंबरची रात्र

श्रोतेहो, ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पण त्या दिवसांत ढग नसले, तरी रात्री हे नक्षत्र काही दिसत नाही. असे का? नक्षत्र लागले म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. मग ते सूर्याबरोबरच उगवणार आणि त्याच्याबरोबरच मावळणार. सूर्याच्या झगमगाटात ते दिसावे कसे? सहा महिन्यांनी गोष्ट उलटते. डिसेंबरात पश्चिमेला सूर्य बुडाला की थोड्याच वेळात पूर्वेला मृग वर येतो आणि रात्रभर आपली सोबत करतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊनंतर पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. चार ठळक तारे म्हणजे हरणाचे चार पाय. मधोमध एका रेषेत तीन तारे आहेत, तो त्याच्या पोटात रुतलेला बाण. बाणाची रेघ खाली न्या. क्षितिजाजवळ लखलखतो तो व्याध. त्याचा आज दिसणारा उजेड तिथून सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी निघाला. तिसरीतल्या मुलांना सांगा, की तुमच्या जन्माच्या सुमारास निघालेला हा उजेड आज पोचतो आहे! तीच रेघ वर नेली की तांबूस रोहिणी, आणि आणखी वर कृत्तिकांचा पुंजका.

मृगाच्या डावीकडे, ईशान्येला, पुनर्वसूचे दोन तारे उगवलेले असतील. १३ डिसेंबरच्या रात्री या बाजूने उल्का येताना दिसतात. तारा तुटला, असे आपण म्हणतो. पण तारा जागचा हलतही नाही. १९८३ साली सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहाने वाटेत सांडलेले हे धुळीचे कण. पृथ्वी त्या धुळीतून जाते तेव्हा ते हवेत शिरून पेट घेतात. त्यात अशुभ काही नाही. पोरांना खुशाल पाहू द्या. मध्यरात्रीनंतर त्या अधिक दिसतात. मात्र आधी पंचांग पाहावे : शुद्ध पक्ष असेल तर चंद्र मावळल्यावर, वद्य पक्ष असेल तर उगवण्यापूर्वी.

१९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि तिच्यासारखी हौशी मंडळे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. त्यासाठी शहरवासीयांना गावाबाहेर दूर अंधारात जावे लागते. तुमच्या दारात तो अंधार अजून आहे. पण खांबाखांबावरचे पांढरे दिवे आता वाडीवस्तीपर्यंत पोचले आहेत. कृत्तिका कुठवर चढल्या यावरून रात्र किती उरली ते सांगणारी म्हातारी माणसेही थोडीच उरली आहेत.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती. या आठवड्यात एका रात्री शाळेच्या पटांगणातला दिवा तासभर मालवा. दुर्बीण नको, खर्च नको. घोंगडी आणि सतरंज्या पुरेत. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे द्या. आणि गावातल्या एखाद्या आजोबांना आवर्जून बोलवा. बाण कुठला आणि व्याध कुठला, हे मुलांना त्यांनाच दाखवू द्या.