गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर



दसरा उलटला की आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात येते आणि घरची गाडी माणसांची कमी, मालाची जास्त होते. मागची सीट दुमडायची, कापसाची गाठोडी कोंबायची, त्यावर फवारणीचा पंप, कोपऱ्यात पेट्रोलचा डबा, आणि पुढे घरची माणसं. अशा गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला तर "जुनी गाडी हाय, येनारच" असं म्हणून नुसती काच खाली करू नका. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही तयार होते, मग यवतमाळचा उन्हाळा तर विचारूच नका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती खाली, पायापाशी साचून राहते. तिथं एक ठिणगी पुरते, आणि सोबत कापूस असला की मग विझवायला वेळच मिळत नाही.

म्हणून वास आला की गाडी मोकळ्या जागी थांबवा, किल्ली बंद करा, माणसं उतरवा, सगळी दारं उघडा. बिडी-काडी लांब. तपासणी दिवसाउजेडी करायची, कंदील किंवा काडीच्या उजेडात मुळीच नाही. गाडी गोठ्यात किंवा बंद छपरीत असेल तर चालू न करता ढकलून बाहेर काढा.

आता पहिला प्रश्न: हा वास पेट्रोलचाच आहे ना? पुष्कळदा तो गाडीचा नसतोच. डिकीत ठेवलेला डबा झाकणातून पाझरत असतो, नाहीतर आडव्या पडलेल्या फवारणी पंपाच्या टाकीतून गळत असतो. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या कीटकनाशकाच्या बाटलीवर 'ईसी' अशी अक्षरं असतात, ते औषध रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेलं असतं. ती बाटली फुटली तर गाडीत अगदी इंधनासारखाच वास सुटतो, आणि आपण इंजिन तपासत बसतो. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं दगावली, हे तुम्ही विसरला नसाल. तेव्हा डिकी आधी रिकामी करा. औषध सांडलेलं दिसलं तर रबरी हातमोजे घालून त्यावर कोरडी माती टाका, ती विहिरी-नाल्यापासून दूर खड्ड्यात पुरा आणि जागा साबणानं धुवा. कुणाला मळमळ, तोंडाला लाळ किंवा अंधारी आली तर बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

डिकी साफ असूनही वास येतो? मग वास कधी येतो ते बघा. अर्धं निदान त्यातच आहे.

टाकी भरल्यावर एक-दोन दिवसच येत असेल, तर टाकीच्या झाकणाचं रबर वाळलं असेल, किंवा तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड रबरी पाइप चिरला असेल. काही वेळा दोष आपलाच असतो. पंपावर बंदुकीनं 'टक' केल्यावरही आपण काठोकाठ भरून घेतो. वाफ शोषणारा कोळशाचा डबा नव्या गाड्यांत असतो, त्यात मग पेट्रोलच शिरतं आणि तो निकामी होतो.

मागच्या सीटवर बसणाऱ्यालाच वास येत असेल, तर पुष्कळ गाड्यांत त्या सीटखाली टाकीवरच्या पंपाचं झाकण असतं. त्याचं वायसर बघायला सांगा. उंदरांनी वायर आणि पाइप कुरतडल्याचं इथंच सापडतं. कापूस आणि धान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदीर चुकत नाहीत.

इंजिन चालू असतानाच वास येत असेल, तर बॉनेटखालचे पाइप, फिल्टर आणि क्लिपा बघा. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळं थोडी गळतीही लगेच नाकात येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत सुईत कचरा अडकला की पेट्रोल वरून ओसंडतं, तेव्हा कार्ब्युरेटर उघडून साफ करून घ्यावा.

पेट्रोल उडून जातं, डाग ठेवत नाही. म्हणून सकाळी थंड गाडीखाली वाकून बघा: धुळीनं माखलेल्या पाइपवर एखादी धुतल्यासारखी रेघ किंवा रंग उडालेला ठिपका दिसतो का? गळती तिथंच. डिझेलच्या जीपचं काम सोपं, चिकट ओल दिसतेच. पण ती तापलेल्या सायलेन्सरवर पडत असेल तर तिथंही आगीचा धोका आहे.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. झाकण, क्लिप, रबर हे घरचं काम. वाफ पूर्ण उडू द्या, मग बॅटरीची वजा वायर काढून हात घाला. पाइप बदलायचा तर पेट्रोलसाठीचाच घ्या, पाण्याचा पाइप चार दिवसांत फुगतो. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानं जुन्या गाडीतलं रबर लवकर खराब होऊ शकतं. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद असतानाही पाइपात दाब असतो. तो पाइप तुम्ही काढलात तर पिचकारी डोळ्यात. ते मेकॅनिकलाच करू द्या.

टाकीला भोक पडलं असेल तर मेकॅनिक येईपर्यंत कपड्याचा साबण घट्ट चोळून ठेवा, थेंब थांबतो. पण गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे टाकी नेऊ नका. "रिकामी हाय, काय व्हते?" असं म्हणून कैक ठिकाणी टाक्या फुटल्या आहेत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी आतून नीट धुऊन, वाफ काढून देणाराच कारागीर बघा, नाहीतर टाकी बदला.

काम झालं की गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून सगळे सांधे बोटानं चाचपा. बोट कोरडं राहिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच एकदा हुंगून बघा, आणि मगच गाठोडी भरा.