पार्ल्यातलं रंगकाम

रंगाच्या डब्यावरची छापील किंमत विलेपार्ल्यात आणि विरारमध्ये सारखीच असते. लांबीची चाळीस किलोची गोणी, प्रायमर, पॉलिश पेपर, रोलर यांचंही तसंच. तरी आमच्या घराचा चौरस फुटाचा दर ऐकल्यावर विरारला राहणाऱ्या मावसबहिणीने विचारलं, "तुमच्याकडे रंग वेगळा लावतात का गं?" रंग तोच असतो. महाग पडतात ते तास. काम चालू होतं तेव्हा मी घरातच होते, त्यामुळे पैसा नेमका कुठे जातो ते जवळून बघता आलं.

मुकादमाची माणसं नालासोपाऱ्याहून लोकलने यायची. आमच्या सोसायटीत दहाच्या आधी काम सुरू करायचं नाही, दुपारी दोन ते चार आवाज बंद आणि सहाला आवरून बाहेर. म्हणजे कामाचे तास उरले सहा. नव्या, रिकाम्या ब्लॉकमध्ये हीच माणसं तिथेच राहतात, तिथेच भात शिजवतात आणि रात्री नऊपर्यंत भिंत घासतात. रोज आठ तासांनी सहा दिवसांत उरकणारं काम रोज सहा तासांनी आठ दिवस चालतं. दोन रंगारी असले तर चार हजेऱ्या वाढल्या. त्यात आपलं घर राहतं. सकाळी एका खोलीतलं सामान दुसरीत न्यायचं, कपाट भिंतीपासून ओढायचं, प्लास्टिक अंथरायचं आणि संध्याकाळी घरच्यांना पाठ टेकता येईल इतपत जागा झाडून-पुसून द्यायची. खरवडलेल्या पोपड्यांच्या गोण्या जिन्याने खाली न्यायच्या. हे सगळं दरातच बसवलेलं असतं, कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ नसते. म्हणून घासाघीस करण्याआधी त्या दरात काय काय धरलंय ते विचारून घ्यावं.

मोजणी मात्र स्वतः करावी, ती अवघड नाही. दहा बाय बाराची खोली नऊ फूट उंच असेल, तर चार भिंतींचे ३९६ आणि छताचे १२० मिळून ५१६ चौरस फूट होतात. दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले की पावणेपाचशे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या टाइल्स गेल्या की साधारण कार्पेट क्षेत्रफळाच्या तीन ते साडेतीन पट रंगकाम निघतं. दारा-खिडक्यांची वजावट किती, यावरून वाद होतात. भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान मोकळ्या जागेची वजावट करत नाहीत, कारण तिच्या कडा रंगवायला वेळ जातोच. हे आधी बोलून घेतलं की शेवटी कटकट होत नाही.

आता समजा, घर सहाशे फुटांचं आहे आणि रंगकाम दोन हजार फूट भरलं. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण १३० चौरस फूट पुरतं, म्हणजे पंधरा-सोळा लिटर लागेल. मधल्या दर्जाचा आणि त्याच्या वरचा रंग यांत लिटरला तीनशे रुपयांचा फरक धरला, तरी सगळ्या घरात मिळून तो पाच हजारांच्या आत राहतो. उलट दरात फुटामागे चार रुपये कमी करून घेतले, तर मुकादमाच्या हातातून आठ हजार जातात. ते तो कुठून भरून काढणार? डबा तर तुम्ही बघून घेणार आहात. जातो तो लांबीचा दुसरा हात, किंवा प्रायमर पाण्याने वाढतो, किंवा घासणं अर्ध्यावर उरकतं. रंगाचं बजेट बिघडतं ते इथे, आणि बैठका घालून लोक चर्चा करतात ती शेड कार्डाची.

आमच्या हॉलच्या भिंतीला जो वयस्कर रंगारी होता, त्याचं काम मी मन लावून पाहिलं. लांबी तो थोडी थोडीच कालवायचा, कारण सिमेंटची लांबी दोन-तीन तासांत घट्ट होते. एका पत्र्यावर लांबी घ्यायची आणि दुसऱ्या पत्र्याने खालून वर ओढायची. पहिला हात वाळला की दुसरा आडवा. मग वायरला लावलेला बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरायचा. उजेड तिरपा पडला की समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर खड्डे आणि लाटा उमटतात. जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने गोल काढायचा, पुन्हा लांबी, पुन्हा १८० नंबरचा पेपर, शेवटी ३२०. एका भिंतीवर त्याने किती गोल काढले असतील! प्रत्यक्ष रंगाचे दोन हात त्या मानाने भराभर झाले. "ताई, रंग काय, दोन दिवसांत होतो. बाकी सगळं घासणंच," असं मुकादम पहिल्या दिवशी म्हणाला होता, ते अक्षरशः खरं निघालं.

घासताना उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते आणि तोंडाला बांधलेल्या गमछ्याने ती अडत नाही. चांगले मास्क ही कोटेशनमधली ओळ नसते, पण ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे. आपल्या घरातल्या कामाने कुणाची छाती भरू नये. जुन्या दारांच्या ऑइल पेंटबद्दल तर अधिकच जपावं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून घासायचा, आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवायचं.

ओल हा वेगळाच खर्च आहे. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला पोपडे धरले होते. त्यावर कितीही भारी रंग लावला, तरी पाण्याची वाट बंद होईपर्यंत तो टिकत नाही. बाहेरच्या भिंतीतून झिरपणारं पाणी आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने दुरुस्त करायचं असतं. आपल्या न्हाणीघरातली गळती ज्याची त्याने. तेव्हा आधी सोसायटीला पत्र, मग दुरुस्ती, मग भिंत वाळू द्यायची आणि मगच लांबी. पावसाळा संपला की सगळ्यांनाच दिवाळीच्या आत रंग हवा असतो आणि रंगाऱ्यांचा भाव चढतो. घाई नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा: भिंतीही कोरड्या, माणसंही मिळतात.

आणखी दोन गोष्टी. पक्क्या बिलावर अठरा टक्के जीएसटी लागतो. ४८,००० चं काम ५६,६४० वर जातं, ते आधीच धरावं. आणि रंगाच्या काही डब्यांत रंगाऱ्यांसाठी कंपनीचं टोकन असतं. डबे आपण आणले म्हणून ते काढून ठेवू नये, ते काम करणाऱ्याचं आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: सामान येताना काही, लांबी घासून प्रायमर झाल्यावर काही, रंगाच्या पहिल्या हातानंतर काही. शेवटचा दहावा हिस्सा टचिंगसाठी राखावा. ते टचिंग दिवसाउजेडी, खिडक्या उघडून, खोलीखोलीतून मुकादमाबरोबर फिरून बघावं. ते पटलं की उरलेले पैसे त्याच दिवशी हातात द्यावेत, कारण त्यालाही माणसांच्या हजेऱ्या चुकवायच्या असतात.