मीठ, कवडी आणि नोट

वाण्याकडून खडेमीठ आणताना ते तयार कसे झाले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. उरण तालुक्यातील मुलांना तो पडण्याचे कारणच नव्हते. खाडीकाठची मिठागरे त्यांच्या डोळ्यांसमोर असत. आगरी समाजाचे नावही या ‘आगरा’वरूनच आले असे मानतात.

भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हावाऱ्याने आटू द्यायचे आणि तळाशी जमलेले खडे ओढून रास करायची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक आपले साधे मीठ. हे मीठ समुद्रात होते तोवर त्याला कोणी दमडीही दिली नसती. बांध घालणाऱ्या हातांनी त्याची संपत्ती केली. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या घरातली चिमूटही कमी झाली नाही.

जगातील संपत्ती ठराविकच आहे, एकाला जास्त मिळाली तर ती दुसऱ्याचीच गेली, असे पुष्कळांना वाटते. पत्त्यांच्या जुगारात हे खरे आहे. मिठागरात नाही.

मग सरकारने भरपूर नोटा छापून वाटल्या तर? समजा, एका रात्रीत तालुक्यातील प्रत्येकाजवळचे पैसे दुप्पट झाले. करंजाच्या बंदरात लागलेल्या होड्यांतले बोंबील मात्र तेवढेच राहतील! म्हणजे वाढतील ते भाव. (प्रत्यक्षात गणित इतके सरळ नसते. माणसे कामावाचून बसलेली असतील तर मागणी वाढल्याने थोडे उत्पादनही वाढते.)

नोट स्वतः संपत्ती नाही, तर तिला किंमत कशाने येते? कवडीची गोष्ट पाहा. मालदीव बेटांतून येणारी ही शिंपली बंगाल-ओरिसात चलन म्हणून चालत. इंग्रजांच्या कंपनी सरकारने ओरिसात सारा कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयांत मागायला सुरुवात केली, आणि कवड्या बाळगणारी रयत अडचणीत आली. १८१७ च्या पाइकांच्या उठावाचे हे एक कारण होते. कवडीत कसलाही बदल झाला नव्हता. ती घेणारा उरला नव्हता, इतकेच. 

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या तेव्हाच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हाही हेच दिसले. बँकेत भरण्याची मुदत होती तोवर त्यांना किंमत होती. मुदत सरली आणि उरला तो छापील कागद. आपण नोट घेतो ती उद्या दुसरा घेईल या भरवशावर, आणि तिच्यावर विकत घेण्याजोगा माल बाजारात असेल या भरवशावर.

जमिनीची किंमतही अशीच उद्यावर अवलंबून असते, हे उरणकरांनी फार महाग मोल देऊन अनुभवले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईसाठी भातशेते आणि मिठागरे संपादन होऊ लागली. भाव ठरत होता तो भात पिकवणाऱ्या जमिनीचा. उद्या तेथे उभे राहणार होते शहर आणि बंदर. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तर शिवडीहून येणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये.

आता वहीत एक उदाहरण सोडवा. एकाचे शंभर गुंठे गेले आणि साडेबारा गुंठे परत आले. भाव किती पट वाढला म्हणजे मूळ किमतीची भरपाई होईल? आठ पट, हे उत्तर सोपे आहे. पण दरवर्षीचे भात आणि खाडीतली मासळी जमेच्या व खर्चाच्या कोणत्या रकान्यात मांडाल, आणि किती वर्षांची? हे मात्र वर्गात सर्वांनी मिळून ठरवावे लागेल.