संकेतस्थळावरील सल्ला बांधापर्यंत कसा न्यावा

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब बागायतदारास तेल्या रोगाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळ तडकते आणि वर्षभराची मेहनत व भांडवल वाया जाते. हा रोग जिवाणूंमुळे होतो. पावसाचे शिंतोडे, रोगट रोपे आणि छाटणीची अस्वच्छ कात्री यांच्याद्वारे तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर व एका बागेतून दुसऱ्या बागेत पोहोचतो.

डाळिंबाच्या अभ्यासासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापूर येथेच स्थापन झाले. या केंद्राचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. राज्याच्या कृषी विभागाचे व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचेही आहे. तज्ज्ञांनी पारखलेली माहिती तेथे विनामूल्य मिळते. परंतु बागायतदार सकाळी उठून संकेतस्थळ उघडीत नाही; तो व्हॉट्सॲप उघडतो. तेथे त्याला कोणी कोठून धाडलेला, नाव नसलेला व दिनांक नसलेला सल्ला वाचावयास मिळतो. खरा सल्ला संकेतस्थळावर पडून राहतो आणि खोटा बांधावर पोहोचतो. हे अंतर कमी करणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे आजचे एक महत्त्वाचे काम होय.

आधी आड, मग पोहरा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. संकेतस्थळ हा आड आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब ही समाजमाध्यमे हे पोहरे होत. म्हणून कोणताही संदेश धाडण्यापूर्वी त्याचा मूळ मजकूर संकेतस्थळावर आहे किंवा नाही, तो चालू हंगामाचा आहे काय आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर तो वाचता येतो काय, हे कार्यकर्त्याने स्वतः उघडून पाहावे. दुवा देताना संकेतस्थळाच्या पहिल्या पानाचा देऊ नये; ज्या पानावर तो सल्ला आहे त्याच पानाचा द्यावा. पहिल्या पानावर उतरलेला शेतकरी शोधाशोध करून कंटाळतो व परत फिरतो.

दिनांकाचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानात येईल. एंडोसल्फान हे कीटकनाशक एके काळी सर्रास वापरात होते. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी त्याचे उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली. त्यापूर्वी लिहिलेला सल्ला दिनांकाशिवाय आज कोणाच्या हाती पडला, तर तो वाचणाऱ्यास जुना म्हणून कसा ओळखू यावा? संकेतस्थळावरील पान दुरुस्त करता येते. शेकडो मोबाइलवर पसरलेला मजकूर दुरुस्त करता येत नाही. यास्तव संदेशात थोडे लिहावे आणि औषधाचे नाव, प्रमाण व फवारणीचे अंतर यांसाठी मूळ पानाकडे बोट दाखवावे.

प्रत्येक वाटेचे वळण निराळे

एकच मजकूर सर्व माध्यमांवर जसाच्या तसा टाकणे ही नेहमी आढळणारी चूक होय. एकाच शेतात ज्वारीला आणि डाळिंबाला सारखेच पाणी कोणी देत नाही. माध्यमांचेही तसेच आहे.

व्हॉट्सॲपवर चार-पाच ओळींचा मजकूर व एक दुवा पुरेसा असतो. फेसबुकवर रोगट पानाचे व निरोगी पानाचे छायाचित्र शेजारी शेजारी द्यावे आणि खाली एक प्रश्न विचारावा. त्यामुळे चर्चा सुरू होते. जी गोष्ट हाताने करावयाची आहे, उदाहरणार्थ कात्री निर्जंतुक करणे, ती यूट्यूबवर दोन-तीन मिनिटांत करून दाखवावी व चित्रफितीच्या खाली मूळ पानाचा दुवा द्यावा. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा फलक, दूध संकलन केंद्र व कृषी सेवा केंद्र यांचा उपयोग करावा. तेथे लावलेल्या कागदावर क्यूआर कोड छापल्यास घरातील शाळकरी मूलही ते पान उघडून मोठ्याने वाचून दाखवू शकते.

अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. तेथे मराठी मजकुरासोबत कन्नडमधील एक मिनिटाचा आवाजी संदेश दिल्यास तो वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांपर्यंतही पोहोचतो.

संदेशाचा नमुना

डाळिंबाच्या छाटणीपूर्वी धाडावयाचा संदेश पुढीलप्रमाणे असावा :

‘डाळिंब बागायतदारांसाठी. एका झाडाची छाटणी संपताच, दुसऱ्या झाडास हात लावण्यापूर्वी कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवावी. रोगट फांद्या, पाने व फळे बागेत पडू देऊ नयेत. गोळा करून नष्ट करावीत. द्रावणाचे प्रमाण व पुढील फवारणी यांची माहिती खालील दुव्यावर पाहावी.’

याखाली दुवा, दिनांक, धाडणाऱ्याचे नाव व हुद्दा ही चार गोष्टी असल्याच पाहिजेत. या चार गोष्टी नसलेल्या संदेशावर शेतकऱ्याने विसंबू नये, ही सवय गावात लावणे अगत्याचे आहे. अनेक वेळा पुढे धाडल्या गेलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखविते आणि २०२० सालापासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो. दुहेरी बाण दिसला म्हणजे मूळ सांगणारा दूर राहिला, असे समजावे व खात्री केल्यावाचून औषध विकत घेऊ नये.

वेळही साधली पाहिजे. छाटणी झाल्यावर पोहोचलेला छाटणीचा सल्ला निरुपयोगी होय. आंबे, मृग किंवा हस्त यांपैकी गावात कोणता बहार धरतात हे पाहून काही दिवस आधी, दिवेलागणीनंतर संदेश धाडावा. दिवसाकाठी दहा संदेश धाडल्यास लोक एकही वाचत नाहीत.

प्रश्न परत आला पाहिजे

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील १५० गावांत श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न आकाशवाणीकडे धाडीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. त्या प्रयोगाचे यश केवळ आवाज गावात पोहोचला यात नव्हते. गावाचा आवाजही परत पोहोचला, यात होते.

समाजमाध्यमांचा उपयोगही असाच करावा. गटात आलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास अंदाजाने देऊ नये. रोगट पानाचे स्पष्ट छायाचित्र मागवून ते तज्ज्ञांकडे धाडावे आणि मिळालेले उत्तर त्याच गटात द्यावे. शेतकऱ्यास थेट विचारावयाचे असल्यास २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक आहे. एकच प्रश्न वारंवार येत असेल, तर संकेतस्थळावरील पान अपुरे आहे असे समजून संबंधितांस तसे कळवावे.

खोट्या दुव्यांपासून सावधगिरी

दुवा उघडण्याची सवय लावताना खोटा दुवा ओळखण्याचेही शिक्षण दिले पाहिजे. पीएम किसान योजनेच्या नावाने बनावट दुवे व ॲप धाडून बँक खात्यातील पैसे लुबाडण्याचे प्रकार घडले आहेत. शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. व्हॉट्सॲपवर आलेले ॲप त्याच ठिकाणाहून मोबाइलमध्ये बसवू नये आणि ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

शेवटी, कामाचा हिशेब ठेवावा. कोणत्या माध्यमावरून किती लोक त्या पानावर आले हे संकेतस्थळाच्या नोंदीवरून कळू शकते. परंतु खरी मोजदाद बागेत होते. पान किती जणांनी उघडले यापेक्षा छाटणीच्या दिवशी किती बागांत कात्रीशेजारी द्रावणाची बादली दिसली, हे कार्यकर्त्याने फिरून पाहावे व वहीत टिपून ठेवावे. जेथे बादली दिसली नाही, तेथे मोबाइल बाजूस ठेवून स्वतः बांधावर जावे.