सात्या कशा ओळखाव्या?

पाऊस पडला की जिकडेतिकडे भूछत्र्या उगवतात. वारुळावरच्या खायच्या छत्र्यांना आमच्याकडे सात्या म्हणतात. सात्यांची भाजी मला फार आवडते. पण सगळ्या छत्र्या सात्या नसतात, हे मला या पावसाळ्यात समजले.

एके दिवशी शाळेतून येताना मी गवतातल्या पांढऱ्या छत्र्या टोपीभर आणल्या. वाटले, आई खूश होईल. आजीने एक उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "ह्या सात्या नाई होय रे बाप्पा! फेक आधी." माझी लहान बहीण त्यांची खोटी खोटी भाजी करत होती. आजीने तिचे हात धुतले. मला रडूच आले.

मग मामाच्या गावाला गेलो. ते उमरेडकडे जंगलाजवळ आहे. मामाने मला खऱ्या सात्या दाखवल्या. त्यांच्या खुणा अशा :

१) टोपी : मधोमध टोक असते. पावसात टोपी भेंडीसारखी बुळबुळीत लागते. वाळली की बुळबुळ जाते. म्हणून नुसत्या बुळबुळीवरून ओळखू नये.

२) देठ : मामाने उकरले तर देठ खाली खाली जातच होते. ते वाळवीच्या घरापर्यंत जाते. वाळवी तिथे ही बुरशी वाढवते आणि खाते. म्हणजे वाळवीसुद्धा शेती करते!

३) भुकटी : ही गुरुजींनी सांगितली. देठ कापून टोपी कागदावर पालथी ठेवावी, वर वाटी झाकावी. सकाळी कागदावर भुकटी पडते. सात्याची भुकटी फिकट गुलाबी असते. मी आणली होती तसली गवतातली छत्री आम्ही शाळेत ठेवली. तिची भुकटी हिरवट पडली! तिच्या टोपीवर तपकिरी खपल्या आणि देठाला कडे होते. ती विषारी असते. खाल्ली तर काही तासांतच उलट्या आणि हगवण लागते.

लसूण काळा पडला नाही तर छत्री चांगली, असे काही लोक म्हणतात. ते खरे नाही. शिजवूनही सगळे विष जात नाही.

मित्रांनो, एकच खूण पाहून छत्री खाऊ नका. सगळ्या खुणा जुळल्या तरी जाणत्या माणसाला दाखवा. कोणी चुकून खाल्लीच तर लगेच दवाखान्यात न्या आणि उरलेली छत्री सोबत न्या. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता मला छत्री दिसली की मी तोडत नाही. आधी आजीला हाक मारतो.

— इयत्ता ४ थी