उपचार संपले, आता पुढे?

कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले की घरात पेढे वाटले जातात, आणि ते वाटावेतच. पण दोन-चार महिन्यांत फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते आणि तपासणीची तारीख उलटून जाते. सुलतान बाजारातल्या आपल्या घरांतून हे आम्ही पाहतो, म्हणून हे लिहीत आहोत.

कोणत्या रोगाला कोणती तपासणी आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवतात. स्तनाच्या कर्करोगात साधारणपणे पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा बोलावतात. काहींना संप्रेरकांच्या गोळ्या पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घ्यायच्या असतात. बरे वाटते म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. गोळ्या चालू असताना कोणी सुचवलेले काढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

कर्ज फिटले तरी कागद जपून ठेवा, असे आम्ही बँकेत ग्राहकांना सांगत असू. इथेही तेच. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, केमोची औषधे, रेडिएशन कुठे आणि किती दिले, हे सगळे एका फाइलीत हवे. केमोच्या काही औषधांचा परिणाम पुढे हृदयावर होऊ शकतो. जबड्याला रेडिएशन झाले असेल तर त्यानंतर कितीही वर्षांनी दात काढताना जखम न भरण्याचा धोका राहतो. दातांच्या डॉक्टरांना हे आधी सांगावेच लागते. तोंडाच्या कर्करोगानंतर तोंड उघडण्याचे व्यायाम चालू ठेवावेत. आणि तंबाखू, जर्दा कायमचा बंद; यात सवलत नाही.

थकवा कित्येक महिने राहतो. तो आळस नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यावे. नुसते पडून राहून तो जात नाही. झेपेल तसे चालणे वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यावे. बडी चावडीची गर्दी सुरू होण्याआधी सकाळी फिरून यावे.

रेड हिल्सच्या एम.एन.जे. रुग्णालयात तपासणी असेल तर उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनवरून लकडी-का-पूलपर्यंत मेट्रो सोयीची आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी रेल्वेची सवलत उपचारांइतकीच नंतरच्या नियमित तपासणीलाही मिळते: स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण भाडे माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. बरेच जण हा दाखला मागतच नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते.

तपासणीच्या आधीचे आठ दिवस अनेकांना झोप लागत नाही. रोग परत आला तर, ही भीती मनात असते. अशा वेळी ‘काही होत नाही हो’ म्हणून विषय उडवू नका. त्यांना बोलू द्या. भीती हटतच नसेल तर डॉक्टरांना सांगा, समुपदेशनाची सोय होऊ शकते.

भेटायला जाणाऱ्यांनी कोण कशाने गेले याच्या गोष्टी सांगू नयेत. त्यापेक्षा गणेशोत्सवाच्या कामांच्या यादीत, नाटकाच्या तालमीत त्यांचे नाव पूर्वीसारखे घाला. झेपत नसेल तर ते स्वतःच सांगतील.